बंदर सुरक्षेचं फेडरल अनुदान: आमच्या गावाने फायरबोट घ्यावी का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत न्यूवर्क बेच्या काठावर आमचं छोटं गाव आहे. पलीकडे पोर्ट न्यूवर्क आणि एलिझाबेथच्या क्रेन दिसतात. कौन्सिलपुढे आता एक ठराव येतोय. फेमा या फेडरल आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या पोर्ट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅममधून (पुढे नुसतं पीएसजीपी म्हणतो) अग्निशमन दलासाठी बोट घ्यायची. किंमत साधारण ८ लाख डॉलर. त्यातले ६ लाख वॉशिंग्टनकडून, २ लाख गावाने घालायचे. नागरिकांच्या बजेट समितीवर मी आहे, म्हणजे हात वर करायचा की नाही हे मला ठरवावं लागणार.

गावात सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, ६ लाख चालून आलेत, लाथाडायचे कशाला? दुसरा म्हणतो, त्या २ लाखांत दलाचे जुने श्वसनसंच बदलून होतील, ते आधी करा.

माझा कल बोटीकडे आहे. ५ जुलै २०२३ ला पोर्ट न्यूवर्कमध्ये ग्रांदे कोस्टा द'आवोरिओ या मोटारी वाहणाऱ्या जहाजाला आग लागली आणि न्यूवर्क दलाचे दोन जवान आत गेले ते परत आले नाहीत. धूर दिवसेंदिवस आमच्या खिडकीतून दिसत होता. तेव्हापासून हा विषय माझ्यासाठी फक्त आकड्यांचा राहिलेला नाही.

तुमच्यापैकी कोणी अशा अनुदानाच्या कामात आहे का? अनुभव सांगा. विरोधी मतही हवं आहे.

मृदगंध

चांगला विषय. वाचतेय.

हिशेबनीस

कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीत फेडरल अनुदानांचे हिशेब ठेवणं हेच माझं काम, त्यामुळे नियमांपासून सुरुवात करते.

पीएसजीपी हे ११ सप्टेंबरनंतरचं अपत्य. २००२ च्या मॅरिटाइम ट्रान्सपोर्टेशन सिक्युरिटी अ‍ॅक्टमुळे त्याला कायद्याचा आधार मिळाला. २००८ आणि २००९ मध्ये वर्षाला जवळपास ३९ कोटी डॉलर वाटले जात होते. मग कात्री लागली. २०१४ पासून बरीच वर्षं तो आकडा १० कोटींवर थांबला होता, २०२४ ला ९ कोटींवर आला. देशभरातल्या सगळ्या बंदरांसाठी मिळून ९ कोटी, हे लक्षात घ्या. अर्ज आधी कोस्ट गार्डचा स्थानिक कॅप्टन ऑफ द पोर्ट तपासतो, तुमच्या बंदराच्या सुरक्षा आराखड्यात ही गरज बसते का ते बघतो, मग वर जातो. सरकारी संस्थांना २५ टक्के वाटा स्वतःचा, खाजगी कंपन्यांना ५० टक्के.

आता गावकऱ्यांना कोणी सांगत नाही ते. हे पैसे बहुतेक वेळा आधी तुम्ही खर्च करायचे आणि मग मागायचे असतात. म्हणजे २ लाखांची तरतूद करून भागत नाही, काही महिने पूर्ण बिलाचा भार पेलायची ताकद लागते. खरेदी फेडरल नियमांनी, निविदा काढूनच. धक्क्यावर साधा कॅमेऱ्याचा खांब रोवायचा तरी पर्यावरण आणि ऐतिहासिक वास्तू यांची तपासणी मंजूर झाल्याशिवाय कुदळ मारता येत नाही, मारली तर ते पैसे बुडाले. सगळं ३६ महिन्यांत उरकायचं. वर्षात फेडरल खर्च १० लाख डॉलरला पोचला तर सिंगल ऑडिट, म्हणजे सगळ्या फेडरल पैशाचं एकत्र लेखापरीक्षण, मागे लागतं (पूर्वी ही मर्यादा साडेसात लाख होती). लहान गावात हे सगळं बघायला बऱ्याचदा अर्धवेळ क्लार्क असतो.

बोट घेऊ नका असं मी म्हणत नाही. ८ लाख हा बोटीचा खर्च नव्हे, एवढंच.

काटकसर

विरोधी मत मागितलंत म्हणून लिहितो. मला मुळातच हे गणित पटत नाही. आयोवातल्या शेतकऱ्याने न्यू जर्सीच्या बोटीसाठी कर का भरायचा? बंदरातून माल आणून पैसे कमावतात त्या कंपन्यांनी भरावा की. विमानाने जाताना आपण प्रत्येकजण एका बाजूच्या प्रवासाला ५ डॉलर ६० सेंट सुरक्षा शुल्क भरतो, तिकिटातच असतं. कंटेनरवर असं शुल्क का नाही?

आणि फुकटचा पैसा दिसला की गरज शोधली जाते. सिनेटर टॉम कोबर्न यांनी २०१२ मध्ये होमलँड सिक्युरिटीच्या शहरी अनुदानांवर अहवाल काढला होता. न्यू हॅम्पशायरमधल्या कीन या शांत गावाने चिलखती गाडीसाठी अर्ज केला, त्यात गावच्या भोपळ्याच्या जत्रेचा उल्लेख होता. सॅन दिएगोच्या एका दहशतवादविरोधी परिषदेत झोंबींचा हल्ला परतवण्याचं प्रात्यक्षिक झालं, आणि तिथे हजर राहायचं शुल्क अनुदानातून भरायला मुभा होती. हा माझ्या-तुमच्या करातला पैसा आहे. राग येतो.

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक

झोंबी! आमच्याकडे सकाळी ८:१२ च्या लोकलला रोज असतात, आम्ही अनुदानाशिवाय परतवतो. :)

शिपचॅनेल

काटकसर, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला ह्यूस्टनमध्ये एक उत्तर शोधलंय, ते सांगतो. मी इथे एका प्रक्रिया उद्योगात सुरक्षा अभियंता आहे.

ह्यूस्टन शिप चॅनेल सुमारे ५० मैलांचा. दोन्ही काठांना रिफायनऱ्या, रसायनांच्या टाक्या, जेट्या. सुरुवातीला फेडरल पैशातून कॅमेरे आले, रडार आली, बोटी आल्या. मग ज्याची त्याची देखभाल कोण करणार हा प्रश्न आला, कारण अनुदान वस्तू देतं, वस्तूचं म्हातारपण देत नाही. तेव्हा टेक्सासच्या विधिमंडळाने कायदा केला आणि २००९ मध्ये ह्यूस्टन शिप चॅनेल सिक्युरिटी डिस्ट्रिक्ट उभा राहिला. चॅनेलच्या काठच्या कंपन्या दरवर्षी पट्टी भरतात. त्या पैशातून अनुदानातला स्थानिक वाटाही जातो आणि देखभालही होते. कंपन्यांनी कुरकुर केली असेल, पण भरतात, कारण चॅनेल एक दिवस बंद राहिला तर नुकसान पट्टीच्या कितीतरी पट.

म्हणजे फेडरल की खाजगी असा एकच पर्याय निवडायची गरज नाही. खाडीकाठ, तुमच्या गावाच्या हद्दीत टर्मिनल किंवा तेलाच्या टाक्या आहेत का? असतील तर त्या २ लाखांत त्यांचा हिस्सा मागा. लाजू नका.

हिशेबनीस

शिपचॅनेल यांना +१.

काटकसर, तुम्ही म्हणता तसं मालावर शुल्क खरंतर आहे. हार्बर मेंटेनन्स टॅक्स, १९८६ पासून. आयात मालाच्या किमतीच्या ०.१२५ टक्के, म्हणजे १०० डॉलरच्या मालावर साडेबारा सेंट. पण तो गाळ काढण्यासाठी आणि चॅनेल खोल ठेवण्यासाठी. सुरक्षेला त्यातलं काही नाही. पूर्वी निर्यातीवरही होता, १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भाग घटनाबाह्य ठरवला. म्हणजे नवं शुल्क लावायचं तर फक्त आयातीवर लागेल आणि ते शेवटी आयोवातल्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांवरच बसेल. तो कराने भरेल किंवा किमतीत भरेल.

काटकसर

किमतीत भरेल तर निदान जो आयात माल वापरतो तो भरेल. तरी तुमचा मुद्दा मान्य. ह्यूस्टनची पट्टी मात्र आवडली, हेच मला हवं होतं.

बोसन

जहाजावर उभं आयुष्य गेलं, आता रत्नागिरीत असतो. या धाग्यावर सगळे बोटीबद्दल बोलताहेत. मला आगीबद्दल बोलायचंय.

मोटारी वाहणाऱ्या जहाजात डेकवर डेक, मजल्यावर मजला, आणि प्रत्येकावर गाड्या इतक्या खेटून की दोन गाड्यांमधून माणूस आडवा होऊन जातो. पाठीवर सिलिंडर लावलेला जवान तिथे कसा वळणार? उजेड नाही, धूर छतापासून खाली उतरत येतो, पायाखालचा पोलादी डेक तापतो. घराची आग विझवताना खिडकी फोडायची, छप्पर उघडायचं, असं शिकवतात. जहाजात नेमकं उलटं. सगळं बंद करायचं, हवा तोडायची, कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि वाट बघायची. एक दार उघडं राहिलं तर वायू निघून जातो. शिवाय पाणी मारत राहिलं की ते वरच्या डेकवर साठतं आणि जहाज कलतं. ज्याला हे माहीत नाही तो कितीही शूर असला तरी त्याला आत पाठवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

न्यूवर्कच्या दुर्घटनेच्या चौकशीत हेच पुढे आलं की दलाला जहाजावरच्या आगीचं पुरेसं प्रशिक्षण नव्हतं. त्याआधी जून २०२० मध्ये जॅक्सनविलला होग शियामेन जहाजावर जुन्या गाड्यांना आग लागली, स्फोट झाला, नऊ जवान जखमी झाले. तेही धक्क्याला बांधलेलं जहाज. दोन्ही ठिकाणी किनाऱ्यावरची माणसं चालत जहाजावर चढली. 

एक छोटी गोष्ट सांगतो. प्रत्येक मोठ्या जहाजावर इंटरनॅशनल शोअर कनेक्शन नावाची एक पोलादी चकती असते. व्यास १७८ मिलिमीटर, चार बोल्टची भोकं. किनाऱ्यावरच्या बंबाचा होज जहाजाच्या पाण्याच्या लाइनला जोडायला ती लागते, कारण देशोदेशीच्या होजचे आटे वेगळे. तिचा जोड किनाऱ्यावरच्या बंबातही असायला हवा. ही वस्तू ८ लाखांची नाही, लोहाराकडून करून घेता येईल अशी आहे. तसंच गँगवेजवळ, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीपाशी, लाल नळीत जहाजाचा फायर प्लॅन ठेवलेला असतो, किनाऱ्यावरच्या लोकांसाठीच. तुमच्या गावच्या दलात किती जणांना ती नळी कुठे असते ते माहीत आहे, एवढं विचारा. उत्तर आलं की बोट हवी की नको ते ठरवा.

मृदगंध

कॅप्टन, दंडवत. हा प्रतिसाद इंग्रजीत लिहून प्रत्येक बंदराच्या गावाला पाठवायला हवा.

खाडीकाठ

बोसन काका, फार महत्त्वाचं लिहिलंत. उद्याच दलाच्या प्रमुखांना भेटून विचारतो. शिपचॅनेल, हो, गावाच्या हद्दीत तेलाच्या टाक्या आहेत. त्यांच्याकडून हिस्सा मागायचं कोणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं.

१०८_ताई

मी न्यू जर्सीतच, स्वयंसेवी रेस्क्यू स्क्वॉडवर ईएमटी (रुग्णवाहिकेवर तातडीचे उपचार करणारी) आहे. शिफ्ट संपवून लिहितेय, विस्कळीत वाटलं तर समजून घ्या.

बंदर, बोटी हे सगळं ठीक. पण या देशात अग्निशमन जवानांपैकी ६५ टक्के स्वयंसेवक आहेत हे आपल्या लोकांना माहीत नसतं. आपल्याला वाटतं ९११ फिरवला की सरकार येतं. खूप गावांत येतो तो शेजारी, जो दिवसभर दुसरी नोकरी करतो. आमच्या स्क्वॉडला दुपारच्या वेळेत माणसं मिळत नाहीत, सगळे कामावर असतात.

त्यामुळे माझ्या मते खरं महत्त्वाचं अनुदान पीएसजीपी नव्हे, एएफजी आणि सेफर, ही फेमाची अग्निशमन दलांसाठीची दोन अनुदानं. एएफजी २००१ पासून आहे, त्यातून श्वसनसंच, अंगरखे, बंब, प्रशिक्षण मिळतं. २० हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला वाटा फक्त ५ टक्के, त्यावर १० लाखांपर्यंत १० टक्के, मोठ्या शहरांना १५. खाडीकाठ, तुमच्या दुसऱ्या तटाला श्वसनसंच हवेत ना? ते बोटीशी भांडून घ्यायचेच नाहीत. त्यांची वाट वेगळी आहे.

सेफर मधून माणसं मिळतात. भरतीसाठी तीन वर्षं पगाराला मदत. पहिली दोन वर्षं गावाचा वाटा २५ टक्के, तिसऱ्या वर्षी ६५, चौथ्या वर्षी सगळं तुमचं. स्वयंसेवक जोडण्यासाठी आणि टिकवण्यासाठीही सेफरचे पैसे मिळतात, ते फार थोडी गावं मागतात.

मनातलं बोलते. एएफजीमध्ये आमच्यासारख्या कुठल्या अग्निशमन दलाशी न जोडलेल्या रुग्णवाहिका पथकांसाठी जास्तीत जास्त २ टक्के आहेत. दोन! हृदय बंद पडलेल्या माणसाजवळ पहिले आम्ही पोचतो. छातीवर दाब देणारं यंत्र आमच्याकडे आलं ते गावातल्या बायकांनी पदार्थ करून विकले त्या पैशातून. मराठी मंडळाच्या गणपतीतही पेटी फिरवली होती. ज्यांनी पैसे टाकले त्या प्रत्येकाची मी ऋणी आहे, पण जीव वाचवायचं यंत्र असं यायला नको.

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक

ताई, सलाम. गंमत बाजूला. मंडळाच्या पेटीत परत पैसे टाकायचे असतील तर कुठे टाकायचे ते सांगा, माझा भाऊ एडिसनला आहे, त्याला पिटाळतो.

१०८_ताई

भावाला पैशाबरोबर मंगळवारी संध्याकाळी पाठवा, आम्ही प्रशिक्षणही देतो. माणूस जास्त हवा आहे. :)

नाखवा_अलिबाग

आमच्याकडचं सांगू का? थोडं अवांतर होईल.

२६ नोव्हेंबर २००८ ला ते दहा जण कुबेर नावाची मासेमारी नौका पळवून मुंबईच्या जवळ आले आणि रबरी बोटीतून कुलाब्याला उतरले. कोळीवाड्यातल्या माणसांनी त्यांना हटकलंही होतं. किनारी सुरक्षा योजना २००५ पासूनच होती, हल्ल्यानंतर तिला जोर आला, २०११ ला दुसरा टप्पा निघाला. केंद्राने राज्यांना वेगवान बोटी दिल्या, किनारी पोलीस ठाणी बांधली. आणि मग तेच झालं जे हिशेबनीस ताई सांगतायत. डिझेल कोणाच्या खात्यातून? इंजिन बिघडलं तर मेकॅनिक कुठून? पोलीस शिपाई जमिनीवरचा, त्याला भरतीची वेळ कळत नाही, लाटेत ओकाऱ्या होतात. बोटी धक्क्याला बांधून राहिल्या. आम्ही बघत होतो रोज.

जिथे पोलिसांनी कोळ्यांशी बोलणं ठेवलं तिथे फरक पडला. अनोळखी नौका दिसली तर आमच्यातला पोरगा फोन करतो. त्याला अनुदान लागत नाही, मान लागतो.

काटकसर

नाखवा, हा प्रतिसाद माझ्या बाजूने धरू का? बोट दिली, माणूस दिला नाही, पैसा वाया.

नाखवा_अलिबाग

नका धरू. बोट लागतेच. पाण्यात पडलेल्याला फोनने बाहेर काढता येत नाही. बोटीबरोबर तांडेल पण द्या, असं म्हणतोय मी.

हडसन_फेरी

बोटीच्या बाजूने मी बोलतो, कारण इथे बोटीने काय केलं ते न्यूयॉर्कने पाहिलंय. ११ सप्टेंबरला मनोरे पडले आणि दक्षिण मॅनहॅटनमधल्या पाण्याच्या लाइनी फुटल्या. हायड्रंट कोरडे. तेव्हा फायरबोटींनी हडसनचं पाणी ओढून दिलं. त्यात जॉन जे. हार्वे होती, १९३१ ची, सेवेतून निवृत्त झालेली, हौशी लोकांनी विकत घेऊन जपलेली. ती आली आणि तिने पाणी पुरवलं. त्याच दिवशी फेऱ्या, टग, मासेमारी बोटी, सगळ्यांनी मिळून लाखो माणसं पाण्यावरून बाहेर काढली.

नंतर न्यूयॉर्कच्या दलाने होमलँड सिक्युरिटीच्या अनुदानातून थ्री फॉर्टी थ्री ही फायरबोट बांधली. १४० फूट, मिनिटाला ५० हजार गॅलन पाणी फेकते, किंमत सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर. नाव त्या दिवशी गेलेल्या ३४३ जवानांचं. हडसनच्या काठाने फिरताना ती दिसली की मी थांबतो. एवढी बोट कुठलंही शहर आपल्या नेहमीच्या बजेटातून सहजी बांधत नाही. फेडरल अनुदान नसतं तर ती उभी राहिली असती असं मला वाटत नाही.

शिपचॅनेल

न्यूयॉर्ककडे ती चालवायला पूर्णवेळ दर्यावर्दी जवानांचा विभाग आहे. खाडीकाठच्या गावाकडे नाही. तुलना तिथेच थांबते.

लाँगबीचचा_शेजारी

मी लॉस एंजेलिस–लाँग बीचच्या बंदरात मालवाहतुकीचं नियोजन करतो, ट्विक कार्ड (बंदरात आत जायचं ओळखपत्र) गळ्यात. धागा वाचून एक राहिलेली बाजू मांडतो: संगणक.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचं मालवेअर पसरलं. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा बसली आणि तिच्याबरोबर त्यांची टर्मिनल्स. त्यात आमच्या इथलं एक होतं आणि आपल्या जेएनपीटीमधलं एक. कोणी बोटीतून आलं नाही, कोणी कुंपण ओलांडलं नाही. तरी न्हावा शेवाला ट्रकच्या रांगा लागल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये बायडन यांनी बंदरांच्या सायबर सुरक्षेचा आदेश काढला त्यामागे हीच काळजी होती, शिवाय अमेरिकन बंदरांतल्या जवळपास ८० टक्के मोठ्या क्रेन चिनी बनावटीच्या आहेत ही. पीएसजीपीतून सायबरचे प्रकल्पही घेता येतात.

कंटेनर तपासणीचं तर विचारू नका. २००७ च्या कायद्यात लिहिलं होतं की २०१२ पर्यंत येणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच स्कॅन व्हावा. मुदत वाढत गेली, ते आजवर झालेलं नाही.

मृदगंध

बाल्टिमोरच्या पुलाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. आम्ही तिथून जवळच राहतो. २६ मार्च २०२४ ची पहाट. पुलाकडे येणाऱ्या डाली जहाजाची वीज गेली, त्यांनी मेडे (रेडिओवरून संकटाचा निरोप) दिला, आणि पुलाच्या दोन्ही टोकांना पोलिसांनी गाड्या अडवल्या. दीड-दोन मिनिटांचा खेळ, मग जहाज धडकलं आणि पूल कोसळला. वरून जाणाऱ्या गाड्या वाचल्या. पुलावर खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले, त्यांच्यापर्यंत निरोप पोचला नाही. तेवढ्या वेळात पोचू शकला असता का, हे मला आजही सतावतं. जहाजावर २१ खलाशी, त्यातले २० भारतीय. ते महिनोन्‌महिने अडकून होते, त्यांच्या घरच्यांचं काय झालं असेल.

मला एवढंच दिसलं की त्या रात्री जे चाललं ते रेडिओ आणि तो ऐकणारी माणसं. फोटो निघतील अशी वस्तू त्यात एकही नव्हती.

बोसन

मृदगंध, बरोबर बोललीस पोरी. त्या खलाशांबद्दल लिहिलंस म्हणून बरं वाटलं, बातम्यांत ते फक्त एक आकडा होते.

निरोपाचीच गोष्ट आहे सगळी. १४ एप्रिल १९४४, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक. फोर्ट स्टिकिनमध्ये कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट. मधले दोन तास होते. जहाज तिथेच बुडवायचं की बाहेर काढायचं, हे ठरवणारा एक माणूस नव्हता. सगळे अधिकारी हजर आणि हुकूम कोणाचाच नाही. स्फोटकं असल्याचा लाल बावटाही लावलेला नव्हता. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून १४ एप्रिल हा आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन.

शिपचॅनेल

कॅप्टन, त्यानंतर तीन वर्षांनी दोन दिवसांच्या फरकाने, १६ एप्रिल १९४७ ला, इथून जवळ टेक्सास सिटीत ग्रँडकँप जहाजावर अमोनियम नायट्रेट पेटलं. गावच्या स्वयंसेवी दलातले २८ पैकी २७ जवान स्फोटात गेले. एकूण मृत सुमारे ५८१. मुंबईचा धडा कोणी त्यांच्यापर्यंत पोचवलाच नव्हता.

आज चॅनेलवर कंपन्यांची आणि दलांची एक परस्पर मदत संघटना आहे, चॅनेल इंडस्ट्रीज म्युच्युअल एड. एकाकडे फोम, दुसऱ्याकडे पंप, आणि आग लागली की कोण कोणाचं ऐकणार हे आधीच कागदावर. मार्च २०१९ मध्ये डीअर पार्कच्या टाक्या पेटल्या तेव्हा धूर शहरभर होता, पण आमचा एकही जवान गेला नाही.

हिशेबनीस

एक ताजी गोष्ट सांगते, कारण मत देताना ती विचारात घ्यावी लागेल. गेली काही वर्षं आम्ही वॉशिंग्टनचा पैसा म्हणजे येणारच असं धरून बजेट करत होतो. एप्रिल २०२५ मध्ये फेमाने ब्रिक हा आपत्तीपूर्व तयारीचा कार्यक्रम बंद केल्याचं जाहीर केलं, मंजूर झालेली कामंही त्यात सापडली, राज्यं कोर्टात गेली. त्याच वर्षी आपत्कालीन अनुदानांना इमिग्रेशनच्या अटी जोडल्या गेल्या, त्यावरही दावे झाले. इथे राजकारण काढायचं नाही. पण बोटीची ऑर्डर दिली आणि परतावा अडकला तर गाव काय करणार, हे ठरावात लिहिलेलं असायला हवं. आमच्या ऑफिसात ज्यांनी वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे कागद केले त्या बायका त्या काळात रडकुंडीला आल्या होत्या.

काटकसर

आता तर मी म्हणेन, घेऊच नका.

१०८_ताई

काटकसर, तुमच्या घरी रात्री तीनला धूर झाला तर कोण यावं असं वाटतं? अनुदान अनिश्चित आहे म्हणून मागायचं नाही, हे मला पटत नाही. कमी पडतं म्हणून भांडून मागायचं.

काटकसर

ताई, तुमच्यासारखं माणूस यावं असंच वाटतं. पैसा तुमच्यापर्यंत पोचावा म्हणूनच मी भांडतोय. भोपळ्याच्या जत्रेला गेला की तुमच्या २ टक्क्यांतच राहतो तो.

खाडीकाठ

मंडळी, दल प्रमुखांना भेटून आलो. मोठ्या मनाचा माणूस, एक तास दिला. शोअर कनेक्शनचा जोड त्यांच्या बंबात नाही. लाल नळीबद्दल दोघांना माहीत आहे, ते दोघेही पूर्वी नौदलात होते. बोट आली तर चालवायला परवानाधारक माणसं सध्या तीन, तीही दिवसा दुसरीकडे नोकरीला. त्यांनी स्वतःच सांगितलं की बोट त्यांना हवी आहे, पण आधी जहाजावरच्या आगीचं प्रशिक्षण मिळालं तर ते शांतपणे झोपतील.

पलीकडच्या गावाकडे एक बोट आधीच आहे, तीही माणसांअभावी उभी असते, हे मला आजच कळलं. तेव्हा ठरावात दुरुस्ती सुचवतोय. त्या बोटीसाठी दोन्ही गावांनी मिळून चालक तयार करायचे, पीएसजीपीला या वर्षी प्रशिक्षण आणि जोडसामान मागायचं, श्वसनसंचांसाठी एएफजी. टाक्यांच्या कंपनीला पत्र लिहितोय. नव्या बोटीचा विषय पुढच्या वर्षी परत आणू.

हिशेबनीस, एएफजीमध्ये दोन गावांना एकत्र अर्ज करता येतो का?

हिशेबनीस

येतो, त्याला प्रादेशिक अर्ज म्हणतात. एका गावाने यजमान व्हायचं, दुसऱ्याशी लेखी करार करायचा. सॅम डॉट गव्ह या फेडरल सरकारच्या साइटवरची नोंदणी आजच तपासा, ती दरवर्षी नवी करावी लागते आणि मुदत संपलेली असली तर कितीही चांगला अर्ज असो, आत जात नाही. मसुदा झाला की मला विपु (विचारपुशीत निरोप) करा, शनिवारी वाचून देते.

बोसन

आणि मला तुमच्या प्रमुखांचा ईमेल द्या. मोटारवाहू जहाजाच्या डेकचे माझे जुने आराखडे आहेत, रत्नागिरीत पडून राहण्यापेक्षा तुमच्या पोरांच्या कामी येऊ देत. ऑनलाइन तासही घेईन, वेळ तुम्ही सांगा, इकडची रात्र असली तरी चालेल.

नाखवा_अलिबाग

कॅप्टन, तास मराठीतनं पण घ्या एक. आमच्या मांडव्याची पोरं बसतील.